मोठी शांतता

ती. बाबांना लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. जेवण वेळेवर होतं. आईला सांगा, स्वेटर घालते.

आता बातमी. बायबलचं भाषांतर करताना आमच्याकडे एक पद्धत आहे. एकजण वाक्य वाचतो, बाकीचे डोळे मिटून ऐकतात. ज्याला खटकेल त्यानं टेबलावर टकटक करायची. काल समुद्रातल्या वादळाची गोष्ट होती. ‘मोठं वादळ’ ठीक वाटलं. पुढे वादळ थांबल्यावर ‘सगळं शांत झालं’ आलं आणि मी टेबल वाजवलं. सगळ्यांत नवखी मीच!

“मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे, मेगास,” मी म्हणाले. “वादळ जेवढं मोठं, तेवढीच शांतताही मोठी.”

प्रमुख बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “शांतता कधी मोठी असते का गं?”

मग मी तुमचं सांगितलं. त्या दिवशी तुम्हाला दम्यानं किती छळलं, आणि दुपारी एकदाची झोप लागल्यावर आम्ही सगळे तुमचा श्वास ऐकत कसे बसून राहिलो. कुणी साधा कपसुद्धा उचलला नाही.

बाईंनी जुनं वाक्य खोडलं आणि ‘मोठी शांतता’ लिहिलं. बाबा, तुमच्या लेकीचे शब्द छापून येणार! शेजारी सांगाच, पण जरा कमी फुगवून.

औषधाचा पंप वेळेवर घेता ना? फोनवर मी विचारलं की आई विषय बदलते. नुसतं ‘ठीक’ लिहू नका. एवढंच कळवा, घरात आत्ता काय मोठं आहे, वादळ की शांतता?

तुमचीच,
टकटक करणारी लेक