धाकट्याने आधी बोलायचं

मोखाडा,
रविवार, ५ डिसेंबर २००४

चि. गोकुळ यास,

ताईचा प्रेमाचा सलाम. प्रभूच्या दयेने आम्ही दोघं बरे आहोत, तूही बरा असशील. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. नागली झोडून झाली. कोंडीमावशीचे गुडघे गेलेत, पण तोंड शाबूत आहे. रोज कुंपणाशी येऊन तुझी चौकशी करते.

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा चष्मा लागल्यापासून घरात माझी धडगत नाही. त्यांना जळमटं दिसतात, तांदळातले खडे दिसतात. परवा माझ्याकडे बघून म्हणाले, तुझे केस कधी पिकले गं? सहा वर्षं त्यांना सगळं धूसर दिसत होतं, म्हणून मी सुटले होते बघ.

जुना टीव्ही मी माळ्यावर टाकला होता. तो त्यांनी खाली काढायला लावला. चालत नाही, पण पुसून जागेवर ठेवलाय. तो पाहिला आणि सगळं आठवलं. रविवारी संध्याकाळी पिक्चर लागायचा. आधी प्रार्थना, मग टीव्ही. बाबा खांद्यावर पंचा टाकून टीव्हीच्या बाजूला उभे, शाळेत परीक्षेला उभे राहत तसेच. पडद्यावर नको ते सुरू झालं की पंचा टीव्हीवर. आत गाणं चालूच! कोंडीमावशी म्हणायची, "मास्तर, आवाज तं येतोय, मंग डोळ्यांनीच काय पाप केलंय?" आई पदरात तोंड घालून हसायची.

आणि ती वही. शाळेच्या जुन्या हजेरीबुकात मुलांच्या नावांच्या जागी पिक्चरची नावं. घरात सगळ्यांनी बसून पाहण्यासारखं असेल तर बरोबरची खूण, नसेल तर लाल फुली. पण पिक्चर संपल्यावर आधी तू बोलायचंस, मग मी, मग आई, पाहुणी म्हणून मावशी, आणि बाबा शेवटी. मोठ्यांनी आधी तोंड उघडलं की लहान त्यांचीच री ओढतात, असं त्यांचं म्हणणं. तो भक्तीचा पिक्चर आठवतो? बाबांना फार आवडला होता. तू सात वर्षांचा. म्हणालास, शेवटी सगळे जेवायला बसले, पण गड्याला कुणी बोलावलंच नाही. बाबांनी वही पुढे ओढली आणि फुली मारली. त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला होता. आईने तुझे गाल इतके कुस्करले की तू रडायला लागलास.

आईचं नाव आलंच आहे, तर आता टाळत नाही. चार पत्रं फाडून हे पाचवं लिहिते आहे.

तुझी मालिका लागली तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं नव्हतं. अर्धं गाव आपल्या ओटीवर होतं. तू दारुड्या मुलाचं काम केलंस. आई मरते आणि तो तिच्या पायांवर डोकं ठेवून रडतो. गोकुळ, तू इतकं खरं रडलास की कोंडीमावशीने हंबरडा फोडला. बाबांनी खांद्यावरचा पंचा काढला, पण टीव्हीवर नाही टाकला, डोळ्यांना लावला. आणि मी आतून पेटले. आपल्या आईच्या मातीला तू आला नव्हतास. शूटिंग होतं. तिचे पाय मी एकटीने धुतले. ती शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, आणि तू परक्या बाईच्या पायांवर रडत होतास.

बाबांना तेव्हाच अक्षर दिसत नव्हतं. वही मीच लिहायचे. मी विचारलं, खूण काय करू? ते म्हणाले, "नाव लिही. खूण नको. धाकटा अजून बोलला नाही."

फुली मी मारली, गोकुळ. त्यांनी नाही.

आठच दिवसांनी तू आलास. बाबा प्रार्थनासभेला खोडाळ्याला गेलेले. तू चपला काढल्यास आणि लहानपणासारखा आधी वहीकडे गेलास. तुझा चेहरा मी पाहिला. एक शब्द बोलले असते तर तू थांबला असतास. मी चुलीपुढे बसून राहिले. तू पाणीसुद्धा न पिता कसाऱ्याच्या जीपमध्ये बसलास. बाबांना मी सांगितलं, घाईत होता. त्यांच्या नावाने तुला गेलेली सगळी पत्रं माझ्या हातची. ते म्हणायचे, माझं काही चुकलं का, ते लिहून विचार त्याला. ते वाक्य मी एकदाही लिहिलं नाही. तू दर नाताळला नुसतं कार्ड पाठवतोस, आत एक अक्षर नसतं. बाबा ते हाताने चाचपतात आणि बायबलात ठेवतात. सहा झाली.

गेल्या रविवारी त्यांनी वही मागितली. नव्या चष्म्याने एकेक पान वाचत, हसत होते. त्या पानावर थांबले. मी सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला जवळ बसवून म्हणाले, तुझा राग मला कळायला हवा होता, तू एकटीने फार उचललंस. मग मी इतकी रडले की मावशी तसल्या गुडघ्यांनी कुंपण ओलांडून आली. तुला ते लिहिणार नाहीत. म्हणाले, ज्याने खूण केली त्यानेच कळवायचं.

माफी मागते. मिळेलच असं धरून चालत नाही.

लाल शाई खोडता येईना. बाबांनी भाताच्या शिताने त्या फुलीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे. चौकोन कोरा आहे. नाताळच्या उपासनेनंतर वही काढणार म्हणतात, आणि टीव्हीसमोर तुझा पाट मांडायला सांगितलाय. तू नाही आलास तर चौकोन कोराच राहील. तुझ्याआधी या घरात कुणी बोलणार नाही.

तुझ्यानंतर नंबर असलेली,
जयवंतीताई