पेद्रूला काळीवर सोडलं, त्याबद्दल

गास,
९ डिसेंबर २०२५

प्रिय मम्मी,

जय येशू. गुडघा कसा आहे? जिना उतरता येतो का आता? इथे वालाच्या शेंगा आल्यात. माझ्या डॅडींनी तुमच्यासाठी पिशवी भरून ठेवलीय, ती या पत्रासोबतच आगाशीला घेऊन येतील.

पत्र बघून दचकाल. पण हल्ली फोन तुमचा मेलरॉयच उचलतो. आणि तुम्ही उचललात, तर तुमचा आवाज ऐकून माझं बोलणं तोंडातच राहील.

पेद्रूच्या कानाचे टाके सुकतायत. मेलरॉयने तुम्हाला सांगितलं की पट्टा माझ्या हातून सुटला आणि रस्त्यावरची कुत्री चावली. तसं झालं नाही.

तुमच्या ऑपरेशनमुळे तुमच्या घरचं हे पिल्लू माझ्याकडे आलं, तेव्हा कसं होतं ते तुम्ही बघितलंय. दुसरा कुत्रा दिसला की दोन पायांवर उभा, तोंडाला फेस येईस्तोवर भुंकणं. एकदा तर मला ओढत नेऊन भाजीवालीच्या टोपलीत पाडलं होतं. मग मी शिकले. कुत्रा लांब असतानाच थांबायचं. पेद्रूने त्याच्याकडे बघायचं, आणि भुंकायच्या आत वळून माझ्याकडे बघितलं की लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा. पट्टा सैल. ओढलंच, तर न रागावता उलट फिरायचं. मग रोज थोडं जवळून. चिकनच्या दुकानापाशी काळी म्हणून कुत्री असते. पावसाळ्यात ती रस्त्याच्या पार त्या टोकाला दिसली तरी याचा तमाशा. आणि ऑक्टोबरात हा तिच्या शेजारून शेपूट हलवत निघून गेला! दुकानवाला म्हणाला, "मॅडम, हा तर चर्चला, मिस्साला चाललाय." घरी येईपर्यंत मी हसत होते.

मेलरॉय आमच्या लग्नासाठी दुबईहून आला आणि हे बघून म्हणाला, "पार बायकी करून टाकलास गं त्याला. कुत्र्याला लोकांनी घाबरायला पाहिजे." आतून काटे असलेली साखळी त्याने येतानाच आणली होती. मी नको म्हटलं. रविवारी मिस्सा झाल्यावर तो, त्याचा दोस्त जेन्सन आणि आणखी दोन मित्र आमच्याकडे आले. "जरा फिरवून आणतो," म्हणाला आणि पेद्रूच्या गळ्यात तीच साखळी अडकवली. मी मागोमाग गेले.

काळी दुकानाच्या फळीखाली पिल्लांना पाजत होती. पेद्रूने तिला बघितलं, आणि शिकवल्याप्रमाणे वळून मेलरॉयच्या तोंडाकडे बघितलं. खाऊ मिळेल म्हणून. मम्मी, तेव्हा त्याने साखळीला हिसका दिला. पेद्रू किंचाळला. पुन्हा बघितलं, पुन्हा हिसका. त्या मुक्या जिवाला वाटलं, काळीमुळेच मानेत काटे रुततायत. तो गुरगुरायला लागला तसे हे टाळ्या पिटायला लागले. जेन्सन मोबाइल धरून उभा. मी ओरडले, "सोड त्याला!"

त्याने सोडलं. काळीवर.

अंगाखाली पिल्लं, ती तरी काय करणार? तिने पेद्रूचा कान फाडला. मग मेलरॉयने तिच्या दुधाने भरलेल्या पोटात लाथ घातली. बूट गवतात पुसला आणि मला विचारलं, "डुकराचं इंदयाल झालंय ना गं?"

डॅडी आणि मी पेद्रूला डॉक्टरकडे नेऊन आणलं, तर हे चौघं आमच्याच ओट्यावर जेवत बसलेले. व्हिडिओ बघत. "ये, बस," म्हणत मेलरॉयने स्वतःच्या हाताने माझ्या ताटात वाढलं. बोटं तेलकट, हसू तोंडभर. मी मागच्या दारी जाऊन ओकले. आईला वाटलं, पित्त झालं. अजूनही डुकराच्या मटणाचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, ओकारीआधी सुटतं तसं.

काळी जिवंत आहे, पण उठत नाही. दुकानवाला पिल्लांना बाटलीने पाजतोय.

काल मी मेलरॉयशी भांडत होते, तेव्हा फोन त्याच्याकडून घेऊन तुम्ही म्हणालात, "त्याचा बापही असाच तापट होता, पोरी. लग्नानंतर सवय होते." मम्मी, तो तापला नव्हता. त्याला मजा येत होती. किळस वाटते ती त्याची. आणि एवढं बोलताना तुम्ही आवाज बारीक केलात. पप्पा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या घरात तुमचा आवाज बारीकच आहे.

लग्नासाठी आमची नावं चर्चमध्ये वाचून झालीत, हॉल ठरलाय, माझ्या गाऊनची लेस तुम्ही स्वतः विणलीत. सगळं ठाऊक आहे. आज सकाळी मी फादरांना सांगून आले, हे लग्न होणार नाही. मेलरॉयलाही सांगितलं. तो म्हणाला, "एका कुत्रीसाठी?" आणि हसला.

पेद्रू आता पट्टा दिसला की पलंगाखाली शिरतो. आज फाटकाबाहेरून दुसरा कुत्रा गेला, तर हा उभ्या उभ्या मुतला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, अगदी लांबून. तो माझ्याकडेच राहणार आहे. मेलरॉयने मागितला तरी देणार नाही.

तुम्ही मात्र या. एकट्या या, हव्या तितक्या दिवसांसाठी या. आमच्या घरात मोठ्याने बोललेलं चालतं.

तुमच्यावर माया आहे, ती आहेच.

कॅरल तुस्कानो
(आडनाव हेच राहील.)