राजेळीची वाडी आणि उरलेली पाच वर्षे

मी, फर्डिनंड इनास रुमाव, वय ५३, धंदा सरकारी नोकरी, राहणार सांडोर, तालुका वसई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही दडपण नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मला आजार नाही. आमच्या राजेळी केळीच्या वाडीत राबता यावे म्हणून लिहिलेला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज वर्षभर खिशात आहे, तारीख तेवढी घालायची राहिली आहे. नोकरी आत्ताच सोडली तर माझ्यामागे घरच्यांना काय उरेल, हे एकदा कागदावर यावे म्हणून हा खटाटोप. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे मीच लिहिली आणि मीच फाडली.

कलम १. राहते घर पत्नी आग्नेस हिला, तिच्यानंतर मुलगा जेम्स याला. माडीचा जिना डुगडुगतो, तो जेम्सने आधी दुरुस्त करावा. मी दहा वर्षे करतो करतो म्हणतोय.

कलम २. फंड व ग्रॅच्युइटी आग्नेसला. आत्ता सोडले तर पेन्शन कमी बसते, हे जेम्सने मला चार वेळा समजावले आहे. त्याला विरारला ब्लॉक घ्यायचा आहे, तेव्हा त्याची काळजी खोटी नाही. तो म्हणतो, "पप्पा, पाच वर्षं काय, डोळे मिटले की गेली." मला धास्ती तीच आहे. एकतीस वर्षे तशीच गेली.

कलम ३. ऑफिसची छत्री, डबा व काळे बूट ज्याला हवे त्याने न्यावेत. ज्या साहेबांनी १९७८ साली माझी रजा रद्द केली, त्यांना मी माफ केले असे फादरांना सांगितले होते. ते खरे नव्हते.

कलम ४. सुकेळी वाळवायचे बांबूचे मांडव जेम्सला. हे माझ्या आईचे. सुकेळी करायची तर पिकलेली राजेळी केळी सोलून सात दिवस उन्हात ठेवायची, सारखी उलटायची, संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्यायची. हे काम रविवारपुरते होत नाही. आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी मी सात दिवसांची रजा काढून बसलो. आग्नेस बाळंतीण बहिणीकडे गेली होती. चौथ्या दिवशी ऑफिसचे बोलावणे आले आणि मी मुकाट्याने गेलो. परतलो तोवर सगळी केळी दवात भिजली होती, पुढे ती आंबली. आईने त्यातले एक चावून चावून खाल्ले आणि म्हणाली, "गोड हाय, बाबा. तू जा कामाला." पुढच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात ती गेली. मला अजून लाज वाटते.

~~कलम ५. मी नोकरीत असताना वारलो, तर वाडी विकून जेम्सने ब्लॉक घ्यावा. जिच्याकडे फक्त रविवारी पाहिले, तिच्यावर मेल्यावर हक्क कसला? नोकरी सोडल्यावर वारलो, तर विकू नये.~~

(वरील कलम मी स्वहस्ते खोडले आहे. फ. इ. रु.)

खोडण्याचे कारण: साक्षीदार हरिश्चंद्र राऊत, माझे निर्मळचे जुने मित्र, सहीआधी कागद मोठ्याने वाचू लागले. आग्नेस नुकतीच वाडीतून आली होती, पाय चिखलाचे. ती म्हणाली, "एकतीस वर्सं पानी मी लावते, आन् विकायची का नाय ते तुमी ठरवता?"

हरिश्चंद्र उगाच चष्मा पुसू लागले. वर्षभर मी एका पारड्यात पेन्शन आणि दुसऱ्यात स्वतःचे समाधान घालून बसलो होतो. वाडी कोणाच्या कष्टावर उभी आहे, हे मनातही आले नाही.

पेन्शनचे काय, असे मी तिलाच विचारले. "कमी तर कमी. भाजी काय बाजारातून आनतो आपन?"

कलम ५ (नवे). वाडी आग्नेसची, माझ्या मरणाची वाट न पाहता. लागतील ते कागद मी करून देईन. अर्जावर सोमवारची तारीख घातली आहे, शिल्लक रजा मंगळवारपासून मागितली आहे. राजेळीचा पहिला घड पिकत घातलेला आहे. मला हाताखाली ठेवशील का, असे मी साक्षीदारांसमोर आग्नेसला विचारले. तिची अट तिच्याच शब्दांत लिहितो: "ठेवीन. पन सात दिस उन्हातून हलायचं नाय. रजा मिळायची नाय."

अट मला मान्य आहे.

सही: फर्डिनंड इनास रुमाव
साक्षीदार: १. हरिश्चंद्र गोविंद राऊत, निर्मळ (खाडाखोड पाहून सही केली)
२. रामनाथ चौधरी, शिक्षक, सांडोर
स्थळ: सांडोर, वसई
दिनांक: २ नोव्हेंबर १९८५