सकाळची अर्धी

मंगळ. ११ नोव्हें.

कप फेकला मी. फेकायला नको होता.

आज फौंड्रीत सगळ्यांची लघवी तपासली. शनिवारी रफीकभाईच्या पायावर लोखंडाचा रस सांडला म्हणून. रसाची बादली, लॅडल, वाकवायला तो, क्रेनच्या बटणावर मी. नर्सबाई कँटीनच्या टेबलावर कप मांडून बसलेली. कपाला पट्टी, पट्टीवर खाने. प्रत्येक खान्यात दोन रेघा उमटल्या की माणूस सुटला. माझ्या एका खान्यात एकच. बाई चांगली होती. म्हणाली, "थांबू पाच मिनिटं, कधी कधी उशिरा येते." आली नाही.

मागनं रांगेतला दिग्या ओरडला, "काय ओढतोस रं भावा? म्हणून लॅडल नाचीवतोस व्हय!" कप भिंतीवर. मग मी दिग्याच्या अंगावर. चौघांनी धरलं.

सेफ्टीच्या साहेबांनी आवाज चढवला नाही. "दुसरा कप द्या त्याला." दुसऱ्यातही तेच.

गोळीचं नाव सांगितलं. डॉक्टरनं दिलीय म्हणालो. साहेब म्हणाले, "मग पत्र आण त्यांचं. तू क्रेनवर असतोस हे माहीत असून गोळी दिली, असं लिहिलेलं पाहिजे. सोमवारी साडेदहाला बैठक. तोवर गेटच्या आत यायचं न्हाय."

नेमकं तेवढंच वाक्य डॉ. लिहू शकत नाहीत.

बुध. १२

आईला सांगितलं भट्टी बंद आहे, दुरुस्ती. तिनं विश्वास ठेवला. ठेवतेच ती.

जूनमध्ये छाती धडधडायला लागली तेव्हा राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात गेलो, तर टेबलामागं कस्तुरी. फर्स्ट इयरला माझ्या वर्गात होती, मग कॉलेज बदललं तिनं. नंतर मी दुसऱ्या वर्षाला सरांच्या अंगावर धावून गेलो आणि परत त्या गेटात पाय ठेवला नाही, हे तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. "अजून तसाच दिसतोस की," म्हणाली. मग केसपेपर ओढून, "व्यवसाय?"

एक सेकंद होता. खरं सांगायला तेवढा पुरला असता.

"शिकतोय," म्हणालो. तिनं लिहिलं. आत डॉ.नी तेच वाचलं आणि अर्धी गोळी दिली, रात्री झोपताना. "परीक्षेचा ताण घेऊ नकोस. आणि झोप येईल, गाडी सांभाळून चालव." गाडी. मी दहा टनी क्रेन चालवतो.

तेव्हापासून दर महिन्याला चिठ्ठी नवी करायला जातो. खरं तर क. ला बघायला. धडधड सप्टेंबरातच कमी झालेली. दर वेळी ती विचारते, "पेपर कधी तुझे?" दर वेळी मी काहीतरी तारीख सांगतो.

गुरु. १३

बिंदू चौकाजवळ उसाच्या रसाच्या गाडीवर उभा होतो. पोऱ्या जगमधनं रस ओततोय, गिऱ्हाईक म्हणतंय, "थांब, थांब, भरला ग्लास." ग्लास तिथंच ठेवून निघालो. 

त्या दिवशी रफीकभाई असंच ओरडला. "थांब!" एकदाच. दुसऱ्यांदा शब्द नव्हता, नुसता आवाज.

पहिल्या ‘थांब!’ला माझा अंगठा बटणावरनं सुटला की दुसऱ्या आवाजाला? रोज मनात परत लावून बघतो. कधी सुटलेला दिसतो, कधी नाही. जळक्या बुटाचा वास मात्र दर वेळी येतो. आज आईनं चपातीला तूप लावलं तव्यावरच, तेव्हाही आला.

घरात टीव्हीच्या रिमोटवर अंगठा ठेवून बसलो. आईला म्हणालो, तू मधेच कधीतरी थांब म्हण. "खुळा झालास काय?" म्हणाली. पण म्हणाली दोनदा. दोन्ही वेळा अंगठा लगेच सुटला.

पण आज मी गोळी घेतलेली नाही.

शुक्र. १४

लिहून टाकतो. इथं तरी.

शुक्रवारी ७ ला चिठ्ठीला गेलतो. क. म्हणाली, "पुढच्या रविवारी मला बघायला येणार हायत. मुलगा इंजिनिअर." आणि माझ्याकडं बघत राहिली. मी काहीतरी बोलावं म्हणून असेल. मी म्हणालो, "अभिनंदन." गाढव.

रात्री नेहमीची अर्धी घेतली. झोप नाही. सकाळी सहाला छातीत परत ढोल. पाकिटात त्याच गोळीची उरलेली अर्धी होती. ती पण

फर्स्ट शिफ्ट. सातला बटण हातात. सव्वानऊला रफीकभाई.

सकाळची अर्धी कुणालाच माहीत नाही. पट्टीलासुद्धा. रात्रीची असो, सकाळची असो, खान्यात रेघ एकच.

शनि. १५

दवाखाना. गर्दी नव्हती. क. नं विचारलं, "आत्ताच आलतास की, परत काय?" उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कॉलेज, फौंड्री, क्रेन, रफीकभाईचा पाय, पत्र. सकाळची अर्धी सोडून सगळं.

 तिनं माझा केसपेपर काढला आणि माझ्यासमोर ठेवला. तिच्याच अक्षरात, विद्यार्थी.

"हे मी लिवलंय. तू सांगितलंस म्हणून."

मग हळूच, "खोडू?"

हो म्हणणार होतो. तोंडात आलं होतं. तेवढ्यात आतून डॉ.नी बेल मारली.

डॉ.नी ऐकून घेतलं. रागावतील वाटलं, रागावले नाहीत. त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, "गोळी मी तरीही दिली असती. पण क्रेनवरनं खाली उतरायला लावलं असतं. दुसरं काम बघ म्हणालो असतो."

पत्र लिहिलं. गोळी माझ्या सल्ल्यानं, प्रमाण रात्री अर्धी, रुग्णानं व्यवसाय विद्यार्थी सांगितला होता. जे आहे ते.

मी विचारलं, "डॉक्टर, माझ्यामुळं झालं का ते?"

"चाचणीला पोटातली गोळी कळते. हात किती जड होता ते नाही कळत. रात्रीची अर्धी एवढीच असेल तर मी तरी एवढं मनाला लावून घेतलं नसतं." मग चष्म्यावरनं बघून, "रात्रीचीच घेत होतास ना?"

"हो."

परत तसंच. तोच एक सेकंद, तोच मी.

बाहेर क. नं वर बघितलं नाही. केसपेपर जाग्यावर ठेवलेला. म्हणाली, "उद्या येणार हायत ते." मी, "माहीत हाय." ती, "तुला काय माहीत हाय रं? मी जूनपासनं वाट बघतोय तू पास व्हायची, घरात सांगायला." आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

जूनपासनं. मी जूनमध्येच पहिल्यांदा गेलतो. म्हणजे पहिल्या दिवसापासनंच ती

रवि. १६

आत्ता तिच्या घरात पोह्याच्या बशा फिरत असतील.

मी हॉस्पिटलात, रफीकभाईकडं. आठ दिवस टाळलं. गुडघ्यापर्यंत पट्टी. मला बघून हसला. "या पावणं! सवड झाली व्हय?" भाभी स्टुलावर बसलेली, उठून मला जागा दिली. तिनं जागा द्यावी हे सहन होईना. उभाच राहिलो.

उशीखालनं कागद काढला त्यानं. कंपनीचा माणूस देऊन गेलेला, त्याच्या जबाबाचा. "चष्मा घरात ऱ्हायला. वाच की."

वाचलं. मोठ्यानं. "लॅडल वाकवत असताना माझाच पाय वाळूवरून घसरला. क्रेनचालकाची काही चूक नव्हती." माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

"मीच सांगितलं तसं लिवा म्हणून," रफीकभाई म्हणाला. "पाय घसरला असंल बी. मला तरी कुठं ध्यानात हाय. सांडल्यावरचं तेवढं ध्यानात हाय."

मी कागद त्याच्या उशीजवळ ठेवला.

"दिग्या आलता. तुझ्या कपात काय तरी निघालं म्हणं."

"औषध हाय. डॉक्टरनं दिलेलं. पत्र आणलंय."

"मग झालं की." भाभीकडं बघितलं त्यानं, मग माझ्याकडं. बराच वेळ. भाभी पाणी आणायला बाहेर गेली. तो म्हणाला, "माझी पोरं ल्हान हायत, पण तू बी पोरगंच हाईस. तू सांग. हे लिवलंय ते बरोबर हाय न्हवं?"

एक सेकंद होता.

या वेळी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. तोंड उघडलं होतं, आणि भाभी तांब्या घेऊन आत आली.

त्यानं सही केली नाही. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "तुझ्याकडंच ठेव. सकाळी बैठकीला जाताना ये. तू म्हणशील तशी सही करतो."

कागद समोर आहे. डॉ.चं पत्रही. दोन्हीत सकाळची अर्धी कुठंच नाही.

साडेदहाला शिरोलीत फौंड्रीवर पोचायचं तर नऊला त्याच्याकडं असायला पाहिजे.