‘अपडेट करू नकोस’

प्रिय दादा,

‘प्रिय’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. खोडून कागद घाण करत नाही, इतकंच.

तू जोडून दिलेला कॉम्प्युटर मी परवा अपडेट केला. हो, मीच. पाच वर्षं तू बजावत आलास, “हे दुकानातलं तयार मशीन नाही, एकेक भाग मी निवडून बसवलाय. सिस्टिम अपडेट केलीस तर बंद पडेल, मग माझ्याकडे रडत येऊ नकोस.” स्क्रीनवर सूचना आली की मी मुकाट्याने ‘नंतर’ दाबायचे. घरांचे नकाशे काढून पोट भरणारी मी, मशीन बंद पडलं तर करणार काय? शेवटी नकाशांचा प्रोग्रॅमच जुन्या सिस्टिमवर उघडेना.

या वेळी तुला फोन केला नाही. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं तसं आधी सगळे नकाशे बाहेरच्या डिस्कवर उतरवले, ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर खरंच उघडतात का तेही पाहिलं. मग कॅबिनेटचं झाकण काढलं, टॉर्च तोंडात धरून मदरबोर्डवरचा नंबर टिपला आणि त्याचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेतले. एवढ्याचा तू केवढा बागुलबुवा करून ठेवला होतास!

अपडेटआधी मशीनने स्वतःची तपासणी केली आणि ते एका प्रोग्रॅमपाशी अडलं. हा नव्या सिस्टिमवर चालणार नाही, आधी काढा म्हणालं. मी कधी न टाकलेला, नावही न ऐकलेला प्रोग्रॅम. बाईंना फोटो पाठवला, तर लगेच त्यांचा फोन. “ताई, हा कुणी बसवला? यातून दुसरीकडे बसून तुमचा अख्खा स्क्रीन दिसतो.” त्या स्वतः आल्या, उघडून दाखवलं. तुझं नाव, तुझा ईमेल आणि खाली तारखाच तारखा. शेवटची गेल्या मंगळवारची.

मी त्या तारखा मागे मागे वाचत गेले. मग डोकं चालू लागलं. दोन वर्षांपूर्वी परगावच्या ऑफिसने मेलवरून मला नोकरी देऊ केल्याचं मी फक्त वहिनीला सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी तू आईच्या कानाशी लागलास, ती तुला टाकून चाललीय म्हणून. आईने जेवण सोडलं, मी नोकरी सोडली. आणि दोष कुणाला? वहिनीला. “तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही,” असं मी तिला तुझ्यासमोर बोलले. तू शांतपणे चहा पीत होतास. त्यानंतर दोन वर्षं मी तिच्याशी बोलले नाही आणि तू ते बघत राहिलास. लाज कशी वाटली नाही रे तुला?

काल तू कामावर गेल्यावर मी वहिनीची माफी मागायला गेले. मी तोंड उघडायच्या आत तिने स्वतःचा मोबाइल आतल्या कपाटात, कपड्यांखाली ठेवला, दार लावलं आणि मगच बोलली. तिला ठाऊक होतं. तू माझा स्क्रीन बघत असताना तिने तुला पाहिलं होतं. बोललीस तर याद राख, असं तू तिला बजावलं होतंस. तिचा मोबाइलही तूच ‘नीट करून’ दिलायस. माझ्यावर तू पाच वर्षं नजर ठेवलीस. तिच्यावर किती, ते तिलाही सांगता येईना.

काल संध्याकाळी तू आलास तेव्हा घर रिकामं होतं आणि तिचा मोबाइल टेबलावर, म्हणून हे लिहितेय. वहिनी हरवलेली नाही. माझ्याकडे आहे, आतल्या खोलीत झोपलीय. हवं तितकं राहील. आईसमोर त्या तारखांचे कागद ठेवून मी सगळं सांगितलंय, तिच्याकडे जाऊन काही उपयोग होणार नाही. पोलिसांत जायचं की नाही, ते वहिनी ठरवेल. तू इकडे फिरकू नकोस. परत यायचं झालं तर ती स्वतःच्या मनाने येईल. आणि मला विचारशील, तर तिने येऊ नये.

आजपर्यंत तुझीच असलेली,
धाकटी