पाणी सोडू नका

बाबा, तुमचा तो जोड आज मी कापला. खालच्या मजल्यावरच्या काकींच्या खिडकीबाहेरचा, वरून येणारा करडा पाइप आणि त्याच्याखाली तुम्ही बसवलेला काळा तुकडा, त्या दोघांच्या मधला. तुम्ही असतात तर हातातून करवत हिसकावून घेतली असतीत, हे माहीत आहे. पण तुम्ही नाही आहात आणि करवत माझी आहे. गेले काही दिवस तिथून पुन्हा पाणी गळत होतं, थेट काकींच्या ओट्यावर. चाळीच्या कमिटीने वरच्या सगळ्या मजल्यांच्या मोऱ्या बंद करायला लावल्या. भांडी घासायची तरी प्रत्येकीने बादल्या घेऊन खालच्या नळावर जायचं. बाहेरून आणलेला प्लंबर म्हणाला, अख्खा उभा पाइप बदला, आणि त्याचा खर्च कोणी किती द्यायचा यावरून जिन्यात रोज भांडणं. शेवटी मीटिंगमध्ये मी म्हटलं, "मी करते." मग तिसऱ्या मजल्यावरचे ते तुमचे मित्र हसत म्हणाले, "कर बाई कर. पण ह्या टायमाला नीट ओरड हां!" आणि सगळी मीटिंग हसली. मी दोन मुलांची आई आहे, लग्नानंतरही याच चाळीत राहते, माझे केस पिकायला लागलेत, आणि चाळीत माझी ओळख अजून तीच आहे. जिला ओरडता आलं नाही ती मुलगी.

तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. उभ्या पाइपाला तडा गेला होता आणि कुठल्याशा साइटवरून तुम्ही तो काळा तुकडा पैदा केला होता. "हातोडा मारलास तरी फुटणार नाही," म्हणून सगळ्यांना दाखवत फिरलात. चाळीत जोड करायचा म्हणजे वरच्या बिऱ्हाडांनी मोरीत पाणी सोडायचं नाही, पाइप चिकटवायचं सोल्युशन वाळेपर्यंत. त्यासाठी गॅलरीत कोणीतरी उभं राहून ओरडायचं. ते काम आईचं, पण त्या दिवशी आईला ताप होता, म्हणून मला उभं केलंत. मी वरच्या गॅलरीत कठड्याला धरून उभी आहे. फ्रॉकला खिसा आहे, खिशात चिंच आहे, पण ती खायची नाही असं मी ठरवलेलं आहे, कारण तोंडात चिंच असली तर ओरडणार कशी. "पाणी सोडू नकाऽऽ!" एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. घसा दुखेपर्यंत ओरडते आहे. आणि तरी कुणीतरी मोरीत तांदळाचं धुवण ओततं. एवढंसं पाणी, आणि त्याने जोड सुटतो. मग दुसऱ्या मोरीतलं, तिसऱ्या मोरीतलं, सगळं काळं पाणी काकींच्या खिडकीतून आत. काकींच्या मुलीचा दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता. ओट्यावर करंज्यांची परात होती.

तुम्ही भिजलेले वर आलात आणि सगळ्या चाळीदेखत मला म्हणालात, "तुका वरडाक सांगितला होता ना? तुझो आवाज कोण आयकता गो?" मारलं नाहीत. मारलं असतंत तर मी विसरले असते. त्यानंतर कुठल्याही घरी पाणी गळालं की तुम्ही तोच किस्सा सांगायचात. जोड माझा पक्का होता, पोरीने घात केला. लोक हसायचे. मीसुद्धा हसायचे, न हसून सांगते कुणाला. दोनेक दिवसांनी तुम्ही मला पत्र्याची एक शिट्टी आणून दिलीत. "आता ही वाजव. आवाज नको काढूस." मला केवढा आनंद झाला होता! तुम्ही मला काही आणलंत, याचाच आनंद. पुढे कितीतरी वर्षं तुमच्या प्रत्येक जोडाला मी गॅलरीत उभी राहून शिट्टी वाजवली. लग्नासाठी मला बघायला आलेल्या माणसांनी विचारलं, मुलगी बोलत नाही का फारशी? तुम्ही म्हणालात, शांत आहे. मी शांत नव्हते, बाबा.

आता मी दादरला एका सॅनिटरीच्या दुकानात काउंटरवर असते. बरीच वर्षं झाली. पहिल्या पहिल्यांदा लोक यायचे आणि माझ्या डोक्यावरून आत बघायचे, "शेठ नाहीत का?" आता म्हणतात, "ताई आहेत ना? मग थांबतो." रोज एक तरी माणूस येतो आणि म्हणतो, एक सोल्युशन द्या, कुठल्याही पाइपला चालेल असं. तेव्हा मी त्याला सांगते की असं काही नसतं. सोल्युशन म्हणजे गोंद नाही. ते पाइपाचा वरचा थर विरघळवतं, दोन्ही विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात आणि वाळले की एक होतात. करड्या, पांढऱ्या पाइपांना ते चालतं. पण हा मेणासारखा गुळगुळीत काळा पाइप त्या सोल्युशनमध्ये विरघळतच नाही. बादलीभर ओता, तासभर दाबून धरा, ते वर नुसतं बसतं आणि वाळून सुटतं. तिथे रबराचा कपलर, म्हणजे दोन्ही टोकांवर बसणारी नळी, चढवायचा आणि दोन्ही बाजूंनी स्टीलचे पट्टे आवळायचे. हे मी किती जणांना सांगितलं असेल! आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की काकींच्या खिडकीबाहेरचा तो तुकडा काळा आहे; काल माप घ्यायला वाकले तेव्हा कुठे ते दिसलं. तुम्ही सांगितलं होतंत, माझ्या आवाजाने सुटला. मी मानलं होतं.

आज सकाळी नवरा म्हणाला, "ओरडतेस कशाला? ग्रुपवर मेसेज टाक, सगळे वाचतील." मी म्हटलं, नाही, मी ओरडणार. शिट्टी ड्रॉवरमध्ये आहे, तीही घेतली नाही. वरच्या गॅलरीत गेले, त्याच कठड्याशी, आणि ओरडले. पहिल्यांदा आवाज चिरका निघाला. दुसऱ्यांदा असा निघाला की समोरच्या चाळीतले लोक बाहेर आले. मग खाली काकींकडे गेले. काकी आता थकल्यात, कॉटवरच असतात. त्यांच्या ओट्यावर चढून खिडकीबाहेर वाकले. जोडावर तुम्ही बांधलेली सायकलची ट्यूब होती, वरून तार, वरून पुट्टीचे थर. ट्यूब कुजून हातात आली. करड्या पाइपाचं टोक कापलं, तर खालच्या काळ्या पाइपावर अडकलेला तुकडा नुसता पिळल्यावर सुटला. आणि त्याच्याखाली तुमचं सोल्युशन होतं. अख्खं कडं, कुठे न फाटलेलं. नखाने कड उचलली तर लसणाच्या सालीसारखं सबंध निघून आलं. खाली काळा पाइप कोरा करकरीत. जसा साइटवरून आणला होतात तसा.

मी तिथेच ओट्यावर बसले. तो जोड कधी धरलाच नव्हता. मग माझ्या लक्षात दुसरी गोष्ट आली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. तुम्ही प्रत्येक गोष्टीला सोल्युशन लावायचात. चपलेचा अंगठा, आईच्या पोळपाटाचा पाय, माझी कंपासपेटी. सुटलं की पुन्हा सोल्युशन, अजून जास्त. मग याच जोडाला दुसऱ्या दिवशी ट्यूब आणि तार का? मला आठवलं, आईला तुम्ही जुनी ट्यूब मागितली होतीत आणि आईने विचारलं होतं, "सोल्युशन संपला काय?" तुम्ही ट्यूब घेऊन तसेच खाली गेला होतात. तुम्ही जोड उघडलात तेव्हा हेच बघितलंत. सोल्युशन पाइपाला धरलेलंच नाही हे बघितलंत. तुम्हाला त्याच दिवशी कळलं की हा तासाने सुटला असता, दिवसाने सुटला असता, पोरीने आकाश डोक्यावर घेतलं असतं तरी सुटला असता. तुम्ही मुकाट्याने ट्यूब बांधलीत, आणि बांधलीत ती बरोबर बांधलीत, इतकी वर्षं टिकली, हेही सांगते. पण वर येऊन कुणाला बोलला नाहीत. मला शिट्टी आणून दिलीत.

मी हे माफ करत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट कुठे बोलते आहे? झालं ते बोलते आहे. तुम्ही कष्टाळू होतात, कुणाकडे गळती असली की ताटावरून उठून जायचात, सगळं खरं. पण एक वाक्य होतं, "पोरीची चूक नव्हती," आणि ते तुमच्याच्याने झालं नाही. कॉटवरून काकी बघत होत्या. म्हणाल्या, "तेव्हाय तू बरा वरडलंस गो. माका सगळा आयकाक येय होता." मी म्हटलं, "काकी, मग बोलला का नाहीत?" तर म्हणतात कशा, "माझे करंजे भिजलेले, माका तुझी काय पडलेली?" मला हसू फुटलं. निदान त्यांनी खरं तरी सांगितलं.

मग मी काम केलं. दोन्ही टोकं घासून साफ केली. काळा पाइप जरा बारीक आहे, म्हणून त्या बाजूला जाड कड असलेला कपलर दुकानातून आधीच आणला होता. तो चढवला, पट्टे बसवले, आवळले. ओट्यावरून उतरून हात धुतले, गॅलरीत येऊन "सोडा पाणीऽऽ!" म्हणून ओरडले. ती हाक तुमची असायची. ती तुम्ही कुणाला देत नव्हतात, आईलासुद्धा नाही. वरून धबाधबा पाणी आलं, सगळ्या मोऱ्यांचं एकदम, आणि जोडाला थेंब फुटला नाही. तिसऱ्या मजल्यावरचे तुमचे मित्र वाकून बघत होते. त्यांना ते सोल्युशनचं कडं दाखवलं आणि काय झालं होतं ते सगळ्यांदेखत सांगितलं, तुम्ही सांगायचात तेवढ्याच मोठ्या आवाजात.

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकते. त्या रबराच्या जोडाला वाळायचं काही नसतं. पट्टे आवळले की लगेच पाणी सोडलं तरी चालतं, मला ते पक्कं माहीत होतं. तरी मी लगेच सोडू दिलं नाही. काकींकडे चहा टाकला, त्यांना दिला, मी घेतला, सावकाश घेतला. वरून कुणीतरी विचारलं, "ताई, सोडू काय?" मी म्हटलं, "नाही." आणि अख्खी चाळ थांबली.