पाहुण्यांचं वायफाय वेगळं

रविवार, ८ ऑक्टोबर

काय तो माझा वाढदिवस! सगळे गोल करून बसलेले, आमच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन करून झालेलं, हातात केकच्या बशा — आणि माझ्या टीव्हीवर अचानक उघडा गुडघा! रक्त, चिमटे, सगळं! दीर विब्रेन शेजारच्याला फोनवर स्वतःच्या ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवत होता, बोट भलतीकडे लागलं. "वहिनी, मी काहीच नाही केलं!" म्हणे. केक कोणाच्या घशाखाली उतरेना.

त्याच्या फोनला माझा टीव्ही सापडतोच कसा? तर संडासामुळे. आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच टांगतात; त्याखाली माझ्या नवऱ्याने, डाउवने, वायफायचा पासवर्ड चिकटवला होता. तो वारला, चिठ्ठी तिथेच. अख्खं गाव बसून वाचतं.

योरिटला निमित्तच हवं होतं. "आई, हे घर आता तुला झेपत नाही. माझ्या गावात फ्लॅट बघू या." पोटचा मुलगा, पण बोलतो घरांच्या दलालासारखा. म्हटलं, आधी हे निस्तरते, मग बोल. "तू वायफायला हात लावू नकोस हं!" — लावणारच!

सोमवार ९

मीटरच्या कपाटात वायफायच्या पेटीपुढे वाकून कंबरेचा काटा ढिला. नव्या पासवर्डला आमच्या फ्रिसियन भाषेतला शब्द दिला, डोक्यावर टोपीसारखी खूण असलेल्या अक्षरासकट. पेटी म्हणते, हे अक्षर चालणार नाही! आमची भाषा हिला परकी. टोपी काढली, शब्द मात्र आमचाच ठरवला; प्रत्यक्ष बदल सगळं नीट समजल्यावर.

बुधवार ११

जमलं!! एकाच पेटीतून दोन वायफाय. घरच्यावर टीव्ही, प्रिंटर, डाउवचे फोटो असलेला कॉम्प्युटर. पाहुण्यांच्यावर नुसतं इंटरनेट, बाकी घर त्यांना दिसतच नाही. म्हणजे या, बसा, कॉफी प्या, पण माझी कपाटं उघडू नका. घरचा पासवर्ड आज बदलल्यामुळे जुने सगळे आपोआप बाहेर. संडासात नवी चिठ्ठी लावली, पाहुण्यांची. एकाहत्तराव्या वर्षी! कोणाला न विचारता!

संध्याकाळी विब्रेन कॉफीला. संडासातून पासवर्ड घेऊन आला आणि मुद्दाम फोनवर टीव्ही शोधत बसला. "वहिनी, तुमचा टीव्ही गेला कुठे?" टीव्ही त्याच्या नाकासमोर! मी त्याला दुसरं बिस्किट दिलं. माझ्या घरी कॉफीबरोबर एकच मिळतं, पण आज मन मोठं झालं होतं.

गुरुवार १२

न्याहारीला बसते तोच योरिट दारात. पायजम्यावर कोट, तोंड पांढरंफटक. मला बघितलं आणि उंबऱ्यावरच बसला. "दिवा लागला नाही, आई! फोनही उचलत नाहीस!"

फोन मीटरच्या कपाटात विसरलेला. पण दिवा कुठला? स्वयंपाकघरातला, वायफायला जोडलेला — त्यानेच बसवून दिला होता. तो जुन्याच पासवर्डवर राहिला. बटण दाबलं की लागत होता, म्हणून मला कळलं नाही. योरिटच्या फोनवर मात्र दिसेना. कामावर निघण्याआधी तो रोज बघतो म्हणे, आईचा दिवा लागला का. मी बहिणीकडे गेले होते तेव्हा डाउव त्याच स्वयंपाकघराच्या फरशीवर दुपारपर्यंत पडून होता, कोणाला पत्ता नाही. तेव्हापासून बघतो.

राग आला आणि रडूही आलं. "माझ्यावर पाळत ठेवतोस?" "पाळत नाही गं, नुसता दिवा!"

त्याला समोर बसवलं आणि त्याच्या देखत दिवा जोडला — पाहुण्यांच्या वायफायवर! बघायचं तर खुशाल बघ, पण पाहुणा म्हणून. बराच वेळ तो माझ्या फोनवरची ती सगळी मांडणी बघत राहिला. "हे तू एकटीने केलंस?" हो, एकटीने! फ्लॅटचं नावही काढलं नाही त्याने. दोन अंडी खाऊन गेला.

सोमवार, २० नोव्हेंबर

ताप. सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं. योरिट कामावर निघायच्या आत भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला, आणि परत येऊन झोपले.